ठेल्याच्या लाकडाची अलमारी

२०२४ साल. माझं वय शहात्तर. त्या वर्षी उन्हाळ्यात मी माझ्या नाण्यांसाठी स्वतःच्या हातानं अलमारी बनवली आणि पोळ्याच्या दिवशी व्याह्यांसमोर उघडली. आमच्या घरात ही गोष्ट दुसरे सांगतात तेव्हा मधेमधे हसतात. म्हणून मीच लिहून ठेवतो. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही खापा गावची, तेव्हा जसं बोलतो तसंच लिहिणार.

सक्करदऱ्याच्या चौकात माझा पानठेला होता. लग्नाच्या आधी टाकला, गुडघे गेले तेव्हा बंद केला. एवढी वर्षं पान लावलं, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून दिला, पण स्वतः कधी तोंडात टाकला नाही. का टाकणार? पानवाल्याला दिवसभर लोकांची तोंडं पाहावी लागतात. तोंड उघडून बोलतात, आत सगळं लाल, दाताच्या फटीत सुपारी अडकलेली, ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ. बोलता बोलता मान वळवायची, पिचकारी मारायची आणि पुन्हा बोलणं तिथूनच सुरू. ठेल्यामागची भिंत मी दर दिवाळीला चुन्यानं पोतायचो. पाडव्यापर्यंत ती लाल.

आणि पैसे! एक भाजीवाला होता, तो चिल्लर गालात ठेवायचा. एका गालात खर्रा, दुसऱ्या गालात पैसे. गालातून काढून माझ्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "घे ना गा, पैशाले काय लागते!" मी हात मागे घ्यायचो. ठेल्यावर मिठाच्या पाण्याचा एक डबा ठेवला होता, त्यात पैसे टाकायला लावायचो. लोक हसायचे. हसू द्या. संध्याकाळी मी ते पैसे घासून, पुसून गल्ल्यात टाकायचो.

घासल्यावरच पैसा नीट दिसतो. मी असा घासता घासता नाणी पाहायला लागलो. फुलासारख्या काठाचे दहा पैसे, चौकोनी पाच पैसे, इंग्रजांच्या वेळचा भोकाचा पैसा. निराळं दिसलं की बाजूला काढायचं आणि काचेच्या बरणीत ठेवायचं. त्यात एक नाणं मात्र ठेल्यावरचं नव्हतं. तांब्याचा जाड, वाकडातिकडा पैसा, जुन्या राजांच्या वेळचा. खाप्याला कन्हानच्या काठी आमचं वावर होतं, तिथं वखर चालवताना तो माझ्या बापाला सापडला. बाप मरेपर्यंत तो कमरेच्या करगोट्याला बांधून होता. बापाच्या मागे तोच एक पैसा माझ्याकडे आला. वावर भावकीत गेलं.

तर नाणी अशी होती, आणि घरात त्यांना नाव होतं चिल्लर. अलमारीच्या आदल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गल्लीतले पोट्टे लाकडाचे नंदी सजवून दारात आले. त्यांच्या हातावर बोजारा ठेवावा लागतो, चार पैसे. सुनेजवळ सुटे नव्हते. मी न्हाणीत होतो. बाहेर येऊन पाहतो तर माझी बरणी सुनेच्या कुशीत आणि तिचा हात आत.

"काय करून राहिली?" मी ओरडलो.

"मामाजी, चिल्लर होतं ना पडलेलं, म्हटलं पोट्ट्याइले देते."

एका पोट्ट्यानं तर नाणं घेऊन पाहिलं आणि परत केलं. "आजोबा, हे चालत नाही. खराब झालं." म्हणजे माझ्या बापाचा पैसा त्या पोट्ट्याला चालत नव्हता, म्हणून तो वाचला! त्या दिवशी मला इतका वीट आला की मी ठरवलं, या नाण्यांना बैठकीत जागा पाहिजे. अलमारी पाहिजे. अशी, की दारातून आलेल्या माणसाला ती आधी दिसली पाहिजे आणि त्याच्या तोंडून चिल्लर हा शब्द निघता कामा नये.

मुलानं मोबाईलवर एक तयार अलमारी दाखवली. मी दुकानात जाऊन पाहिली. भुसा दाबून, वरून लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवलेला. नखानं कोपरा खरडला तर कागद सुटला आणि आतून खाकी भुगा माझ्या बोटावर सांडला. दुकानदार म्हणतो, "बाबूजी, पानी से बचाना." लाकूड म्हणून विकतो आणि पाण्यापासून वाचवायला सांगतो! मी तिथून तसाच निघालो.

लाकूड माझ्या घरीच पडलं होतं. चौकाचा रस्ता रुंद झाला तेव्हा बंद पडलेला ठेला उचलावा लागला होता. मुलानं तो खोलून मागच्या अंगणात रचून ठेवला होता. अस्सल साग. आजकाल असा साग पाहायलाही मिळत नाही. त्यातली समोरची जाड फळी तर, जिच्यावर मी जन्मभर पानं मांडली, हातभर रुंद होती.

आता माझे व्याही. सुनेचे वडील, आमच्या बोलीत इवाई. प्रताप नगरला राहतात, ऑफिसातून निवृत्त झालेले, कपडे इस्त्रीचे, बोलणं हळू. त्यांनाही नाण्यांचा नाद. पण त्यांची नाणी प्लास्टिकच्या अल्बमात. पानोपानी प्लास्टिकचे खिसे, प्रत्येक खिशात एक नाणं घामेजून चिकटलेलं, जसं बाजारात सोललेला फणस प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून विकतात तसं. पान उलटलं की चर्र आवाज येतो. नवीन चपलेसारखा वास. मला तो अल्बम मांडीवर घेववत नाही. ते मात्र रुमालानं पान उलटतात आणि मला शिकवतात, "इवाई, नाणी धुवायची नसतात. किंमत जाते."

मी एकदा ऐकवलं होतं, "तुमच्या हातावर कोणी गालातून काढून नाणं नाही ठेवलं, म्हणून बोलता."

वैशाखात ते लेकीला भेटायला आले तेव्हा मी अंगणात फळ्या मोजत होतो. त्यांनी त्या जाड फळीवर बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

"हे लाकूड नका वापरू, इवाई."

"काहून?"

"किती वर्षं तंबाखू प्यायलंय हे. चुना प्यायलंय, काथ प्यायलंय. पावसाळा लागला की घाम फुटेल याला. नाणी खाऊन टाकेल."

"लाकडाले घाम?" मी मुलाकडे पाहून हसलो. "साग हाय हा. तुमचं प्लास्टिक नाही."

"माझ्याकडे दोन-तीन रिकामे अल्बम आहेत. हवे तर..."

झालं. त्यांच्या त्या हळू आवाजात 'हवे तर' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पोळ्याले या. पुरणपोळी खा, अन् मंग तुमच्या हातानं नाही, माझ्या हातानं अलमारी उघडतो. एक बी नाणं बिघडलं असन, तर सगळे नाणे तुमच्या प्लास्टिकात भरीन. माझ्या हातानं. घेऊन जा प्रताप नगरले."

व्याह्यांनी बोट रुमालाला पुसलं. मग म्हणतात, "आणि वडिलांचा पैसा?"

"तो बी."

आमची म्हातारी, माझी बायको, ओट्यावर गहू निवडत होती. तिथूनच म्हणाली, "बापाचा पैसा पैजेवर लावते का जी कोणी? शुद्धीवर हाय ना?"

मी फळ्या मोजत राहिलो.

काम सुरू केलं. पानवाला आणि सुतारकाम, असं कोणाला वाटेल, पण माझा पहिला ठेलाही मीच बनवला होता. करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, सगळं घरी होतं. रंधा मारला तशी वरची काळी साल निघाली आणि आतून सोन्यासारखा साग निघाला. मी व्याह्यांना मनातल्या मनात म्हटलं, या, पाहा तुमचा तंबाखू! म्हातारी मात्र येता-जाता पदर नाकाला लावायची.

"काहून नाक दाबून राहिली वं?"

"तुमाले येत नाही का वास?"

"सागाचा वास हाय तो."

"सागाचा नाही जी. ठेल्याचा हाय. तुमी घरी यायचे तेव्हा तुमच्या कपड्याले यायचा, तोच."

"तुले काय समजते लाकडातलं?"

मला खरंच काही वास येत नव्हता. तिला नाटक करायची सवय आहे असं मी समजलो.

एकेका खणासाठी पातळ फळी घेतली, तिला गिरमिटानं आरपार गोल भोकं पाडली, आणि खालून दुसरी फळी ठोकली, की प्रत्येक नाण्याला आपला खळगा. जेवढं नाणं तेवढाच खळगा, सैल नाही, घट्ट नाही. चौकोनी पाच पैशांसाठी पटाशीनं चौकोन काढले. फुलासारख्या दहा पैशांसाठी चाकूनं काठ कोरले, त्यात बोट कापलं, पट्टी बांधून पुन्हा कोरले. खालच्या फळ्या सगळ्या त्या जाड फळीतून निघाल्या. सगळ्यात वरच्या खणात मधोमध एकच खळगा केला, वाकडातिकडा, बापाच्या पैशाच्या मापाचा. खणांना पितळी मुठी लावल्या, त्याही ठेल्याच्या गल्ल्याच्या. अंगावर कागद नाही, भुसा नाही, लोखंडाचा एक खिळा दिसत नाही. उन्हाळ्यात खण असा सरकायचा की बोट लावलं आणि आत गेला.

नाणी खळग्यांत बसवून अलमारी बैठकीत ठेवली. सुनेनं दुसऱ्याच दिवशी तिच्यावर प्लास्टिकची फुलं ठेवली. मी उचलून बाहेर ठेवली. तिनं पुन्हा ठेवली. हे पंधरवडाभर चाललं.

मग पाऊस लागला. म्हातारी म्हणे, एकदा उघडून पाहा. मी म्हटलं, काहून पाहू? पाहणं म्हणजे मलाच माझ्या कामावर भरोसा नाही असं झालं. ज्याला शंका आहे त्यानं पाहावं. मी एकदाही उघडली नाही. सून बैठकीत कसलातरी गुलाबाचा फवारा मारायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "असंच मामाजी, ओलाव्याचा वास येते." शेजारचा माणूस पेपर मागायला आला, सोफ्यावर बसला आणि म्हणतो, "बाबूजी, या वयात खर्रा सुरू केला का?" जन्मभर मी ज्या घाणीला हात लावला, पण ओठ लावला नाही, ती हा माणूस माझ्या बैठकीत बसून माझ्या तोंडाला लावून गेला. त्याला मी पेपर दिला नाही.

पोळा आला. व्याही आले, पांढरा सदरा, एका हातात मिठाईचा डबा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवी त्यांनी खुर्चीखाली सरकवली, पण मी पाहिली. चौकोनी कडा कापडातून दिसत होत्या. जेवणं झाली. पुरणपोळी, कढी, वडे. व्याही अलमारीकडे पाहतही नव्हते, हे मला जास्त लागलं. शेवटी मीच उठलो.

वरच्या खणाची मूठ ओढली. खण हललाच नाही. पुन्हा ओढली.

"फुगलं असेल," व्याही हळूच म्हणाले.

"फुगन कायले? नवीन हाय, बसून राहिला जरा."

मुलानं हात लावला. मग पाय टेकवून ओढलं. आतून एक चिकट आवाज आला आणि खण एकदम बाहेर आला. मुलगा मागे पडता पडता वाचला. सुनेनं ओढणी नाकाला लावली आणि ती तशीच आत निघून गेली.

खण मी जमिनीवर ठेवला.

मधल्या खळग्यात लाल पाणी होतं. दाट, काथासारखं. त्यात बापाचा पैसा बुडाला होता आणि त्याच्यावर हिरवी साय आली होती. दुसरा खण ओढला. तिसरा ओढला. सगळीकडे तेच. चौकोनी पाच पैशांवर पांढरी भुकटी फुटलेली, बोट लावलं तर नाण्याचा काठच पिठासारखा सुटला. भोकाच्या पैशाच्या भोकात लाल थेंब अडकलेला. मी इतक्या मापानं, इतकी बोटं कापून जे खळगे केले, त्या एकेका खळग्यात जसं काही कोणी थुंकून गेलं होतं. जन्मभर ठेल्यामागची भिंत पोतली, डब्यात मीठ टाकून पैसे धुतले, आणि शेवटी ती सगळी पिचकारी माझ्याच बैठकीत, माझ्याच हातानं बनवलेल्या खणात जमा झाली होती.

मी नळाजवळ जाऊन ओकलो. पुरणपोळी सगळी निघाली. आणि ऐका, तेव्हाही मला वास आला नव्हता. सगळ्यांनी नाकाला काही ना काही लावलं होतं. मी नुसतं डोळ्यानं पाहून ओकलो.

परत आलो तर व्याही खाली बसून, रुमाल हातात घेऊन, बापाचा पैसा खळग्यातून काढत होते. उठून माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. म्हणाले, "चालायचंच इवाई. पैज वगैरे काही नाही हो. घरातल्या घरात कसली पैज?"

ते हसले असते तर मी सहन केलं असतं. त्यांच्या त्या मऊ हाताची मला जी किळस आली ती त्या लाल पाण्याचीही आली नव्हती. मी खांदा झटकला.

"काढा प्लास्टिक."

"आज कुठं..."

"खुर्चीखालच्या पिशवीत हाय. आले तेव्हाच पाहिलं मी."

सून दारात उभी होती. "बाबा! तुम्ही खरंच घेऊन आले?"

व्याही लेकीकडे पाहीनात. कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, "मी म्हटलं... लागलेच तर."

"लागले," मी म्हटलं. "आणा."

मुलगा म्हणाला, "बाबा, राहू द्या ना आता." मी त्याला कोरडं फडकं आणायला सांगितलं. एकेक नाणं पुसलं. व्याही म्हणाले घासू नका, नुसतं टिपा. मी टिपलं. त्यांचं ऐकायला लागलं याचाही संताप, पण नाण्यांसाठी ऐकलं. मग एकेक नाणं त्या चर्र वाजणाऱ्या खिशात माझ्या बोटानं ढकललं. खिसा चिकट, बोट चिकट. प्रत्येक वेळी वाटे, हात धुवावा. मधे उठलो नाही. सगळ्यात शेवटी बापाचा पैसा राहिला. त्याच्यावर अक्षरं होती, बोटाला लागायची. आता बोटाला फक्त खडबडीत हिरवं लागत होतं.

"हा तुमच्याजवळच राहू द्या," व्याही म्हणाले. या वेळी आवाज इतका हळू नव्हता. खरंच सांगत होते.

"शब्द दिला होता."

"मी तो मागितला नव्हता, इवाई. विचारला होता."

"मी दिला होता ना." आणि मी तो अल्बमच्या खिशात घातला. त्यांनी अल्बम मिटला. मी म्हटलं, "पण एक ऐकून घ्या. मी पैज हारलो. नाणे तुमच्याकडे ठेवायले देऊन राहिलो. दुसरी अलमारी झाली की घेऊन येईन."

"जरूर. मी त्यांना कोरडं ठेवतो तोवर," ते म्हणाले. मग थांबून विचारलं, "कोणत्या लाकडाची?"

मी रिकामा खण उचलला. ते अल्बम पिशवीत घालून निघाले. सून त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली आणि लगेच परत फिरली.

मी अलमारी अंगणात ओढत नेली आणि पटाशीनं जोड उघडायला लागलो. म्हातारी ओट्यावर येऊन बसली. मला वाटलं आता ही बोलेल, मी म्हटलं होतं ना म्हणून. ती म्हणाली, "लाकूड आणाले जाल तर मले घेऊन जा."

"तुले कायले? तुले समजते का लाकूड?"

"लाकूड नाही समजत. वास समजते. तुमचं नाक ठेल्यावरच राहिलं जी."

मी तिला गप्प बस म्हटलं. ती बसली. फळ्या मी न्हाणीच्या बंबाजवळ रचून ठेवल्या, जाळायला.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सकाळी दारात पोट्टे नंदी घेऊन उभे होते, सून त्यांना नोटा वाटत होती. रस्त्यावर रोगराई घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला निघालेली गर्दी, ढोल, शिट्ट्या, आणि जिकडेतिकडे पिचकाऱ्या. मी म्हातारीचा हात धरून त्या गर्दीतून आरा मशीनवर, लाकडं कापून विकतात तिथं, गेलो. मशीन बंद होती, मालक मारबत पाहायला निघण्याच्या घाईत होता. म्हणाला, "आज नाही बाबा, उद्या या." मी म्हटलं, मशीन नका लावू, फळी पाहू द्या. त्यानं कंटाळून थप्पीकडे बोट केलं.

मी एक फळी उचलली. सरळ, कोरी, गाठ नाही. मला ती पसंत होती. मी ती म्हातारीच्या नाकाशी धरली.

तिनं डोळे मिटून वास घेतला. मालक आमच्याकडे पाहत होता. पाहू द्या.

"हिले डिझेलचा वास येते," ती म्हणाली.

"काही डिझेल-बिझेल नाही," मालक म्हणाला. "एक नंबर साग हाय."

मी फळी खाली ठेवली आणि दुसरी उचलून तिच्या नाकाशी धरली.